सोफ्याच्या प्लॅस्टिकच्या जेलीफिश

माझ्या वहिनीला राग येत नाही, आणि याचा मला भयंकर राग येतो. आमच्या घरात रागवायचं सगळं काम माझ्या एकटीच्या गळ्यात पडलंय. दूधवाला दुधात पाणी घालतो, मी भांडते. खालचा भाडेकरू जिन्यात सायकल आडवी लावतो, मी भांडते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसतो. वहिनी म्हणते, "जाऊ दे गं, तिरकं होऊन जाता येतं." हे तिरकं होऊन जाणं ती कुठे शिकली ते मला पक्कं ठाऊक आहे. ती मत्स्यालयात जेलीफिश सांभाळते.

लोकांना वाटतं जेलीफिश म्हणजे मासा. वहिनी न कंटाळता सांगते, मासा नव्हे. हाड नाही, काटा नाही, मेंदू नाही, हृदय नाही. खायला आणि टाकायला मिळून एकच तोंड, तेही खालच्या अंगाला. "मग आहे तरी काय त्यात?" असं कुणी विचारलं की म्हणते, "पाणी. आणि थोडीशी भूक."

माझं सोफे शिवायचं दुकान आहे. जुने सोफे उसवायचे, आतला दबलेला स्पंज काढायचा, नवा भरायचा, वर कापड ताणून बसवायचं. वहिनी लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी दुकानाच्या बढाया मारत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमच्या दुकानातला तो स्पंज नव्हे. खरा स्पंज समुद्रातला प्राणी असतो." मला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "बरं, मग तो प्राणी करतो काय?"

"बसतो," ती म्हणाली. "अंगाला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी आत घेतो. पाण्यातलं खायचं तेवढं ठेवतो आणि वरच्या मोठ्या भोकातून बाकीचं सोडून देतो. तोंड नाही, पोट नाही. एकदा चिकटला की तिथेच."

मी वर्तमानपत्रामागच्या दादाकडे बघितलं आणि म्हटलं, "आहे आमच्याकडे एक."

त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून आमचं जुळलं. एरवी आम्ही दोघी एकमेकींना अगं-तूगं करतो. चिडवायचं असलं की ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहोवर येते.

दादा-वहिनीला मूल झालं नाही. लोकांनी विचारायचं ते विचारून घेतलं, मी भांडायचं ते भांडून घेतलं, आणि विषय संपला.

तिचं काम मी अनेकदा बघितलंय. मत्स्यालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. ओली फरशी, भिंतीला बादल्या, आणि कोपऱ्यात बाटल्यांमध्ये बुडबुडे सोडून ठेवलेले. त्या बाटल्यांत रोज अंड्यांतून नवे किडे निघतात, डोळ्यांना केशरी धुरळ्यासारखे दिसतात. तेच जेलीफिशचं जेवण. जेवल्या की त्यांच्या पारदर्शक अंगात पोट केशरी दिसायला लागतं, म्हणजे कोण जेवलं आणि कोण उपाशी हे बाहेरून कळतं. माणसांचं असं असतं तर बरं झालं असतं.

जेलीफिशची टाकी गोल असते. कोपरा असला की त्या कोपऱ्यात जाऊन अडकतात आणि मागे फिरायचं त्यांना सुचत नाही. म्हणून टाकीत कोपराच ठेवायचा नाही, आणि पाणी सावकाश गोल फिरवत राहायचं. त्यांना जाळीने उचलायचं नाही, हवेत काढायचं नाही. पाण्यातच वाडगं बुडवून पाण्यासकट न्यायचं. त्यांच्या छत्रीसारख्या अंगाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तो हळूहळू छत्रीला भोक पाडून वर येतो. वहिनी टाकीशी उभी राहून असा एखादा बुडबुडा शोधते आणि काचेच्या नळीने तो इतक्या हलक्या हाताने बाजूला करते की बघताना आपलाच श्वास अडकतो. मी असते तर पहिल्या दिवशीच सगळ्या फाडून ठेवल्या असत्या.

या जेलीफिश साधारण वर्षभर जगतात. पण खरा जीव मागच्या खोलीत असतो. जेलीफिशला पिल्लू होतं ते जेलीफिशसारखं नसतंच. तिळाच्या टोकाएवढं काहीतरी पोहत जातं आणि एखाद्या वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटून बसतं. तिथे त्याचं पांढरं, इवलंसं, वर झिपऱ्या असलेलं फुलासारखं काहीतरी होतं. त्याला पॉलिप म्हणतात. ते तिथेच बसून खातं, शेजारी त्याच्यासारखेच दुसरे उगवतात, आणि असं ते वर्षानुवर्षं राहू शकतं. थंडी पडली की मग त्याच्या अंगाला आडव्या वळ्या पडतात, बशा रचल्यासारख्या, आणि वरची एकेक बशी सुटून पोहायला लागते. ती बशी म्हणजे जेलीफिश. वहिनीकडे असे पॉलिप चिकटलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. तिच्या आधी काम करणाऱ्या बाईंनी त्या तिच्या हातात दिल्या होत्या.

मत्स्यालयाची दुरुस्ती निघाली आणि रंगारी आले. चांगली माणसं होती, हेच वाईट झालं. वहिनीला एका दिवसाची सुट्टी होती. मागच्या खोलीला रंग देताना त्यांना पाण्यात घाण पट्ट्या दिसल्या. पांढरे बुरशीसारखे ठिपके. वहिनीला तिथे सगळे मावशी म्हणतात; मावशींचं काम वाचेल म्हणून त्यांनी पट्ट्या ब्लीचिंग पावडर लावून लख्ख घासल्या आणि उन्हात ओळीने वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आली, चपला काढल्या, आणि काय झालं ते सांगितलं. मी पदर खोचला. म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर, बघते एकेकाकडे. ती म्हणाली, "त्यांचं काय चुकलं गं? मीच पाटी लावायला हवी होती." मग ताटावर बसली आणि भाताची शितं बोटाने इकडून तिकडे करत राहिली. मी मनातल्या मनात त्या रंगाऱ्यांना इतक्या शिव्या दिल्या की रंग उडाला असावा.

टाकीत आता मोजक्याच जेलीफिश उरल्या होत्या, त्याही वय झालेल्या. पुढे वारसच नव्हता.

यानंतर मत्स्यालयाचे साहेब माझ्या दुकानात आले. त्यांना खोट्या जेलीफिश हव्या होत्या. पाण्यात तरंगतील, प्रवाहाबरोबर हलतील, वर रंगीत दिवे सोडले की झगमगतील. मी सोफ्यावर घालायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा गरम केला, उलट्या वाडग्यावर ताणून दाखवला, आणि ते खूश झाले. काम अवघड होतं म्हणून मीही खूश झाले. खऱ्यांच्या सोबतीला चार खोट्या, असं मला वाटलं.

घरी येऊन सांगितलं तर वहिनी म्हणाली, "सोबतीला नाही. त्यांच्या जागी. साहेब म्हणतात, यांना खाणं नको, समुद्राचं पाणी नको, मरणं नको. दुरुस्ती होऊन नवं दालन उघडलं की टाकीत नळाचं पाणी भरणार. मला तिकिटाच्या खिडकीत बसायला सांगितलंय."

मी उठलेच. साहेबांच्या तोंडावर काम फेकून येते म्हटलं. तिने माझा हात धरला. "काम घे. तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल. डोळे लावेल, हसरं तोंड काढेल. ते मला रोज खिडकीतून बघावं लागेल."

मग ती कामावरून थेट माझ्या दुकानात यायला लागली. स्पंजच्या चवडीवर बसायची आणि माझ्या चुका काढायची. छत्रीची कड सरळ नको, कंगोरे हवेत. खालच्या झालरी चारच, जास्त नाहीत. मध्ये घोड्याच्या नालेसारख्या चार कमानी, त्या फिकट जांभळ्या. मी वैतागून म्हटलं, "तिथे येणारी माणसं झालरी मोजणार आहेत का?"

"मी मोजीन ना," ती म्हणाली.

एकेक झालर मी चार-चार वेळा उसवली. सोफ्याच्या गिऱ्हाइकाने इतका जाच केला असता तर सोफ्यासकट रस्त्यावर काढलं असतं. शेवटी एक खरंच साधली. वहिनीने ती पाण्याच्या बादलीत सोडली, हाताने पाणी ढवळलं, आणि ती छत्री उघडमीट करत फिरायला लागली. वहिनी किती तरी वेळ बघत राहिली. "छान झाली गं," म्हणाली. मनापासून म्हणाली, आणि मला आयुष्यात स्वतःच्या हातांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

प्लॅस्टिकचा वास आणि रसायन जावं म्हणून तिने त्या सगळ्या भरपूर दिवस पाण्यात भिजवायला लावल्या, रोज पाणी बदलायला लावलं. मग त्या गोल टाकीत सोडल्या, नीट हलतात का बघायला. तोवर खऱ्यांतली एकच उरली होती. तिला आम्ही म्हातारी म्हणत असू. तिची कड झिजली होती, छत्री आकसली होती. माझ्या नव्याकोऱ्या, तजेलदार लेकी गोल फिरत होत्या आणि मधून ती मळक्या रुमालासारखी वर-खाली होत होती. साहेब लांबून बघून म्हणाले, "यातली खरी कुठली तेच कळत नाही." त्यांना ते कौतुक वाटलं.

काही दिवसांनी जेवताना वहिनी म्हणाली, "म्हातारी गेली." एवढंच. दादाने वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली आणि तिच्या ताटात न विचारता आमटी वाढली. दादा बोलला असता तरी याहून जास्त काही सांगू शकला नसता.

दालनाचं काम रेंगाळलं. वहिनी तिकिटाच्या खिडकीतलं काम शिकत होती, आणि सवयीने रोज थोडे केशरी किडे त्या टाकीत सोडत होती. कुणासाठी, असं मी विचारलं नाही. मग एक दिवस तिचा निरोप आला, एका खोटीची झालर उसवलीय, ये. मी सुई-दोरा घेऊन गेले. ती खोटी तिने पाण्याच्या वाडग्यात काढून ठेवली होती, जुन्या सवयीप्रमाणे हवा न लागू देता. मी उलटी केली आणि माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, हे बघ तुझ्या पाण्याचे प्रताप! सगळा माल नासवलास. आतून बुरशी लागली. आता ब्रशने घासते आणि..."

बोलता बोलता माझाच हात थांबला. पांढरे ठिपके. खालच्या बाजूला. घासते. हे सगळं मी आधी ऐकलं होतं. मी तो ब्रश साप असल्यासारखा लांब ठेवला आणि वाडगं तिच्यापुढे सरकवलं.

तिने भिंग लावलं. भिंग लावून बघतच राहिली. मग बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. "म्हातारी," ती म्हणाली. "म्हातारीने जाता जाता पिल्लं सोडली गं. आणि ती तुझ्या पोरींना चिकटली." भिंगातून मलाही दिसलं. माझ्या सोफ्याच्या प्लॅस्टिकवर, मी घातलेल्या शिवणीच्या कडेकडेने, ती इवली फुलं झिपऱ्या पसरून जेवणाची वाट बघत होती. बाकीच्याही खोट्या आम्ही एकेक करून पाण्यातच उलट्या केल्या. बहुतेकींच्या छत्रीखाली हीच वस्ती.

वहिनी लपवाछपवी करणाऱ्यांतली नाही. सरळ साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. मरणाऱ्या जेलीफिशवरून लोकांची बोलणी त्यांनाच खावी लागली होती. त्यांनी भिंगातून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "मावशी, लोक भिंग घेऊन येत नाहीत. दालन उघडेल त्या दिवशी लोकांना नुसत्या डोळ्यांनी काही जिवंत दिसलं, तर टाकी तुमची. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी आणि तुम्ही खिडकीत. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाली. मी असते तर घासाघीस केली असती.

आता सगळा खेळ थंडीचा होता. पाणी गार करायचं नवं यंत्र दुरुस्तीत आधीच बसलं होतं. वहिनी रोज ते थोडं थोडं खाली आणायची, हिवाळा चोरपावलांनी येतो तसं. एकदम गारठवलं तर पॉलिप दगावतात, गारठवलंच नाही तर आहेत तिथे सुखाने पसरत राहतात. पोट भरलंय, ऊब आहे, तर कोण कशाला घर सोडेल? मी रोज विचारायचे, "पडल्या का वळ्या?" ती रोज मान हलवायची. दुकानात माझं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला मी उलटं कापड लावलं, आणि वर त्यालाच ओरडले.

मग एके दिवशी ती दारातूनच म्हणाली, "पडल्या." पॉलिप लांबट झाले होते, गुलाबीसर तपकिरी झाले होते, आणि अंगावर बशांची चळत दिसत होती. पण बशा सुटत नव्हत्या. आमच्याकडे कुठलंही बांधकाम कधी वेळेवर संपत नाही; हेही रेंगाळलं, आणि मेलं नेमकं आत्ताच संपलं.

दालन उघडलं त्या दिवशी मी आणि दादा, दोघेही गेलो. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सकाळी वहिनीने टाकीत बघितलं होतं. बशा होत्या तिथेच होत्या. ती तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली आणि लोकांना हसून तिकिटं द्यायला लागली. आत दिवे मंद केले होते. गोल टाकीवर निळा-जांभळा प्रकाश सोडला होता, आणि माझ्या पोरी दिमाखात फिरत होत्या. लोक म्हणत होते, "बाई बाई, काय सुंदर!" कुणी फोटो काढत होतं, कुणी काचेला हात लावत होतं. एवढं कौतुक माझ्या कुठल्याच सोफ्याला मिळालं नव्हतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं. दुपार उलटली तरी पाण्यात दुसरं काही हललं नाही. साहेबांनी पंपवाल्याला बोलावून उद्या टाकी रिकामी करायला सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी भांडले नाही. कुणाशी भांडायचं तेच कळेना.

तेवढ्यात एक ठसठशीत बाई गर्दीतून साहेबांकडे आल्या. आवाज माझ्यापेक्षा मोठा. "एवढं दालन बांधलंत आणि पाणी बदलता येत नाही? किडे झालेत तुमच्या टाकीत! चांगले वळवळतायत!"

साहेब चपापले. खिशातून विजेरी काढून त्यांनी काचेवर धरली. मी लोकांना कोपराने बाजूला सारत पोचले. प्रकाशाच्या झोतात, माझ्या एका जेलीफिशच्या छत्रीखालून, नखाच्या टोकाएवढं काहीतरी निघालं. चांदणीसारखं, आठ हातांचं. सगळे हात मिटले, उघडले, मिटले, आणि ते उडी मारल्यासारखं वर गेलं. मग दुसरं. मग लक्षात आलं, सगळ्या टाकीभर आहेत. सकाळपासून सुटत असणार. आम्ही सगळे मोठ्यांकडेच बघत होतो.

दादा धावत खिडकीकडे गेला. दादा धावतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वहिनी आली, काचेला नाक लावून उभी राहिली. तक्रार घेऊन आलेल्या बाई तिच्या शेजारी वाकून बघत होत्या आणि आता हळू आवाजात विचारत होत्या, "म्हणजे ही पिल्लं आहेत होय?"

साहेब खुशीत आले होते. म्हणाले, "मावशी, जिंकलात. टाकी तुमची. चला, मग या प्लॅस्टिकच्या काढून टाकू या आता." आणि त्यांनी पंपवाल्याला खूण केली.

"हात लावायचा नाही त्यांना!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. वहिनी ओरडली होती. माझी वहिनी. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, एक हात साहेबांच्या समोर आडवा धरलेला. साहेब एक पाऊल मागे सरकले. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मग तिचा तिलाच आवाज ऐकू आला असावा, कारण पुढचं ती नेहमीसारखं हळू बोलली. "अजून बाळंत होतायत त्या. कुणी हलवू नका."

ती पुन्हा टाकीकडे वळली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने काचेवरची नजर न हलवता माझा हात धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "आत्या झालात."

"आत्या कसली?" मी म्हटलं. "यांच्या आया मी शिवल्यात. आजी म्हण." आणि एवढ्या लोकांच्या देखत मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.